पॅकेज इन्स्टॉल झाले, तरी पायथनला ते सापडत का नाही?

परळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी मी पायथन शिकवते. तेथे देणगीतून मिळालेले सहा डेस्कटॉप आहेत आणि त्यांवर उबुंटू ही लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. बाकीची मुले डोंबिवली, विरार, मानखुर्द अशा ठिकाणांहून आपापले विंडोजचे लॅपटॉप घेऊन येतात. या वर्गात लूप आणि फंक्शन समजावण्यात जितका वेळ जातो, जवळपास तितकाच वेळ एका तक्रारीत गेला आहे : "ताई, पिप म्हणतो इन्स्टॉल झालं, आणि पायथन म्हणतो असं मॉड्यूलच नाही." (पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, पिप म्हणजे तो उतरवून बसवणारे साधन, आणि प्रोग्राममध्ये तो कोड ज्या नावाने घेतो ते मॉड्यूल.) काही वेळा तीच तक्रार "मागच्या शनिवारी चाललं होतं, आज चालत नाही" अशा शब्दांत येते. मुले मग पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करतात, कोणी ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, करून पाहते, कोणी संपूर्ण पायथनच काढून नवे घालते. त्यांतला एखादा उपाय लागूही पडतो, पण तो का लागू पडला हे कळलेले नसते, आणि पुढच्या वेळी तोच उपाय करूनही एरर जशीच्या तशी राहते.

ही अडचण वारंवार येते, कारण लक्षण एकच असले तरी त्यामागची कारणे सात-आठ आहेत, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात निरुपयोगी तर ठरतोच, शिवाय कधीकधी गुंता वाढवतो. म्हणून मी मुलांना उपाय पाठ करायला न सांगता तपासण्याचा क्रम सांगते, आणि तोच येथे लिहीत आहे. लेखातल्या कमांड आणि फाइलींची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

एका संगणकावर किती पायथन असतात

दादर स्टेशनावर पश्चिम रेल्वेचा एक क्रमांकाचा फलाट होता आणि मध्य रेल्वेचाही एक क्रमांकाचा फलाट होता. "एक नंबरवर ये" असा निरोप मिळालेला माणूस नेमका दुसऱ्या पुलावरून उतरून उभा राहायचा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिल्यावर हा घोळ मिटला. संगणकावर ‘पायथन’ आणि ‘पिप’ ही नावे अजून जुन्या दादरच्या फलाटांसारखी आहेत. एकाच संगणकावर उबुंटूचे स्वतःचे पायथन असते, कोणीतरी उतरवलेले ॲनाकोंडा या तयार संचाचे असते, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या फोल्डरमध्ये, आणखी एकेक असते. यांतल्या प्रत्येकाचा ‘साइट-पॅकेजेस’ नावाचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि पॅकेज इन्स्टॉल होते ते यांपैकी कोणत्या तरी एकाच फोल्डरमध्ये. पिपने एका फोल्डरमध्ये पॅकेज ठेवले आणि तुमचा प्रोग्राम दुसऱ्या पायथनने चालवला गेला, तर पिपचे म्हणणेही खरे असते आणि पायथनचेही.

प्रकल्पाप्रकल्पांची पॅकेजे वेगळी ठेवण्यासाठी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन आले. पुढे पेप ४०५ या प्रस्तावानुसार २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर ‘वेनव्ह’ हे मॉड्यूल पायथनमध्येच समाविष्ट झाले. ‘पायथन३ -एम वेनव्ह .वेनव्ह’ ही कमांड दिल्यावर जे तयार होते, तो एक साधा फोल्डर असतो. त्यात मूळ पायथनकडे नेणारा दुवा किंवा त्याची प्रत असते, रिकाम्यासारखा ‘साइट-पॅकेजेस’ असतो, आणि ‘पायवेनव्ह.सीएफजी’ नावाची काही ओळींची फाइल असते, जिच्यात मूळ पायथन कोठे आहे हे ‘होम’ या शब्दापुढे लिहिलेले असते. पायथन सुरू होताना ही फाइल आपल्या शेजारी आहे का ते पाहतो आणि ती सापडली, तर आपण एन्व्हायर्नमेंटमधले आहोत असे समजून त्याच फोल्डरमधली पॅकेजे वापरतो.

मग एन्व्हायर्नमेंट वापरण्याआधी सहसा देतात ती ‘ॲक्टिव्हेट’ ही कमांड काय करते? मुलांची येथे सर्वाधिक गफलत होते, म्हणून थोडे थांबून सांगते. ॲक्टिव्हेट ही शेलची, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, एक छोटी स्क्रिप्ट आहे. शेलने कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या हे सांगणाऱ्या ‘पाथ’ या चलाच्या सुरुवातीला ती एन्व्हायर्नमेंटच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता जोडते, ‘व्हर्च्युअल_एन्व्ह’ या चलात एन्व्हायर्नमेंटचा पत्ता ठेवते आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दाखवते. पायथनमध्ये ती काहीही बदलत नाही. याचा अर्थ असा की ॲक्टिव्हेट न करताही ‘.वेनव्ह/बिन/पायथन’ असा पूर्ण पत्ता देऊन प्रोग्राम चालवला, तर तो एन्व्हायर्नमेंटमध्येच चालतो. आणि याच्या उलट, प्रॉम्प्टवर नाव दिसत असूनही प्रत्यक्षात दुसरेच पायथन चालत असू शकते. प्रॉम्प्टवरचे नाव हा केवळ मजकूर आहे.

पहिली तपासणी

म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी हे विचारायला लावते : ‘पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्यूटेबल, सिस.प्रीफिक्स, सिस.बेस_प्रीफिक्स)"’. पहिले उत्तर चालू असलेल्या पायथनचा पत्ता देते. दुसरे आणि तिसरे उत्तर एकच आले, तर तुम्ही कोणत्याही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही. ती दोन वेगळी आली, तर दुसरे उत्तर म्हणजे तुम्ही ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहात तिचा पत्ता. त्यानंतर ‘पिप --व्हर्जन’ द्यावी. ही कमांड पिपच्या आवृत्तीबरोबर पिप कोणत्या फोल्डरमधून चालत आहे आणि कोणत्या पायथनसाठी चालत आहे हेही सांगते. हा पत्ता आणि आधीचा पत्ता एकाच एन्व्हायर्नमेंटचे नसतील, तर निम्मे निदान झाले.

येथून पुढे ‘पिप इन्स्टॉल’ असे नुसते न लिहिता नेहमी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहावे, असा माझा आग्रह आहे आणि वर्गात मी त्यावर तडजोड करत नाही. नुसते ‘पिप’ म्हटल्यावर शेल ‘पाथ’मध्ये त्या नावाची जी पहिली फाइल सापडेल ती चालवते, आणि त्या फाइलच्या पहिल्या ओळीत जो पायथनचा पत्ता लिहिला असेल त्याच्याकडे पॅकेज जाते. ‘पायथन -एम पिप’ म्हटल्यावर मात्र जो पायथन प्रोग्राम चालवणार आहे, तोच पायथन स्वतःचे पिप चालवतो, त्यामुळे दोघांचे पत्ते वेगळे असण्याची शक्यताच उरत नाही. थोडी अक्षरे जास्त टाइप करावी लागतात, पण ज्या मुलांनी ही सवय लावून घेतली त्यांच्या तक्रारी बहुतांशी थांबल्या, असा माझा अनुभव आहे.

‘विच पायथन’ या कमांडवर मात्र पूर्ण विसंबू नये. वाचनालयाच्या सहापैकी दोन डेस्कटॉपवर एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केल्यावर ‘विच पायथन’ अगदी योग्य पत्ता दाखवत असे आणि प्रोग्राम तरीही बाहेरच्या पायथनने चालत असे. दोन शनिवार मी त्यामागे घालवले. शेवटी ‘टाइप पायथन’ ही कमांड दिल्यावर कळले की बॅश हे उबुंटूचे शेल सुरू होताना वाचते त्या ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये कोणीतरी ‘पायथन’ हे नाव थेट ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ला जोडणारे एलियस, म्हणजे टोपणनाव, लिहून ठेवले होते. उबुंटूवर एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर सहसा ‘पायथन३’ एवढेच नाव उपलब्ध असते, म्हणून सोयीसाठी ते लिहिले गेले असणार. परंतु शेल आधी एलियस पाहते आणि नंतर ‘पाथ’ पाहते, त्यामुळे ॲक्टिव्हेटने ‘पाथ’मध्ये कितीही योग्य बदल केला तरी एलियसपुढे त्याचे काही चालत नाही. ‘विच’ हा वेगळा प्रोग्राम असल्यामुळे बॅशमधले एलियस त्याला दिसत नाही. ‘टाइप’ ही बॅशची स्वतःची कमांड असल्यामुळे तिला दिसते. ती ओळ काढून टाकली आणि नवे टर्मिनल उघडले, एवढाच उपाय होता. उलट बाजूने पाहता, एलियस नसलेल्या उबुंटूवर ‘पायथन’ ही कमांड सापडली नाही अशी एरर येणे ही चांगली खूण आहे, कारण एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट झालेली नाही हे ती लगेच सांगते.

अशीच आणखी एक खूण पिप स्वतःहून देतो. पॅकेज इन्स्टॉल होताना ‘डिफॉल्टिंग टू युझर इन्स्टॉलेशन’ अशा शब्दांनी सुरू होणारी ओळ दिसली, तर तुमचे पॅकेज होम फोल्डरमधल्या ‘.लोकल’मध्ये गेले आहे असे समजावे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सर्वसाधारणपणे तो फोल्डर पाहतच नाही. ही ओळ पिवळ्या-पांढऱ्या मजकुराच्या गर्दीत निघून जाते आणि शेवटची ‘सक्सेसफुली’ची ओळ तेवढी लक्षात राहते.

हलवलेला फोल्डर

सर्वांत फसवे कारण हे आहे. आमच्या वर्गात पावसाच्या नोंदींचा एक प्रकल्प असतो : हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे आकडे पांडाजने वाचायचे आणि मॅटप्लॉटलिबने त्यांचा आलेख काढायचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, हे आलेखावर पाहताना मुले गप्प होतात. एका मुलीने हा प्रकल्प घरच्या उबुंटूवर केला, संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि वर्गातल्या डेस्कटॉपवर उतरवला. ॲक्टिव्हेट केल्यावर प्रॉम्प्टवर कंसातले नाव नीट दिसले. ‘पायथन३’ने प्रोग्राम चालवायला गेली, तर पांडाज नाही. तिने फोल्डर उघडून दाखवला. ‘साइट-पॅकेजेस’मध्ये पांडाज तर होते!

घडते ते असे. एन्व्हायर्नमेंट तयार होते तेव्हा तिचा पूर्ण पत्ता अनेक ठिकाणी कोरला जातो. ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्ये तो असतो, आणि ‘बिन’मधल्या पिप व इतर कमांडच्या पहिल्या ओळीतही असतो. फोल्डर दुसरीकडे नेला, किंवा जागच्या जागी त्याचे नाव जरी बदलले, तरी कोरलेला पत्ता जुनाच राहतो. ॲक्टिव्हेट मग ‘पाथ’च्या सुरुवातीला अस्तित्वात नसलेला पत्ता जोडते, शेलला तेथे काही सापडत नाही, म्हणून ‘पायथन३’ म्हटल्यावर ती निमूटपणे पुढे जाते आणि संगणकाचे मूळ पायथन चालवते. एरर कोठेच येत नाही, कारण शेलच्या दृष्टीने चूक काहीच झालेली नसते.

याहून वाईट प्रकार जुनी प्रत शिल्लक असताना होतो. समजा, तुम्ही ‘पाऊस’ या फोल्डरची प्रत काढून ‘पाऊस-नवा’ केला आणि नव्यातून ॲक्टिव्हेट केले. जुना पत्ता अजून अस्तित्वात असल्यामुळे जुन्याच एन्व्हायर्नमेंटचे पायथन सुरू होते, आणि तुम्ही नव्या प्रकल्पासाठी म्हणून जे पॅकेज घालाल किंवा काढाल, ते जुन्या प्रकल्पातून घातले-काढले जाते. काही दिवसांनी जुना प्रकल्प मोडतो आणि आपण तर त्याला हातही लावला नव्हता, असे प्रामाणिकपणे वाटते.

यावर दुरुस्ती करत बसू नये. कोरलेले पत्ते एकेक करून बदलणारे लोक मी पाहिले आहेत, पण एन्व्हायर्नमेंट ही मुळात टाकून पुन्हा बनवण्याची वस्तू आहे. जुन्या जागी ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ या कमांडचे उत्तर ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ फाइलमध्ये साठवावे, नव्या जागी ‘.वेनव्ह’ फोल्डर पुसून टाकावा, एन्व्हायर्नमेंट नव्याने तयार करावी आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ द्यावी. पेन ड्राइव्हवर तुमचा कोड आणि ही एक छोटी फाइल एवढेच न्यावे. गिट हे कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन वापरत असाल, तर ‘.वेनव्ह’ हे नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये पहिल्या दिवशीच लिहावे.

मॅकवर होमब्रू या साधनाने बसवलेले पायथन वापरणाऱ्यांना फोल्डर न हलवताही हाच अनुभव येऊ शकतो, कारण अपग्रेडनंतर जुने पायथन निघून जाते आणि एन्व्हायर्नमेंटमधला दुवा तुटतो. उपाय तोच.

सुडो आणि उबुंटूची मनाई

पॅकेज सापडत नाही म्हटल्यावर ‘सुडो पिप इन्स्टॉल’ करण्याचा मोह होतो. ॲक्टिव्हेट केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये राहून ही कमांड दिली, तरी ती एन्व्हायर्नमेंटमध्ये काही इन्स्टॉल करत नाही. उबुंटू आणि तिचा पाया असलेल्या डेबियनवर सुडो तुमचा ‘पाथ’ बाजूला ठेवून स्वतःचा सुरक्षित ‘पाथ’ वापरतो, त्यामुळे ॲक्टिव्हेटने केलेला बदल गळून पडतो आणि पॅकेज थेट संगणकाच्या मूळ पायथनमध्ये जाते. उबुंटूची स्वतःची कित्येक साधने त्याच पायथनवर चालतात. तेथे एखाद्या पॅकेजची वेगळी आवृत्ती घुसली, तर ती साधने मोडू शकतात.

म्हणूनच पेप ६६८ या प्रस्तावानुसार लिनक्सच्या वितरणांनी मूळ पायथनला कुलूप लावायला सुरुवात केली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि उबुंटूच्या २३.०४ या आवृत्तीपासून, एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर ‘पिप इन्स्टॉल’ दिल्यास ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ ही एरर येते. तिच्याच मजकुरात ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्यायही दिलेला असतो आणि घाईत असलेला माणूस नेमका तोच उचलतो. त्या पर्यायाचे नाव पुन्हा एकदा सावकाश वाचावे, एवढीच माझी विनंती आहे. ही एरर ॲक्टिव्हेट केल्यानंतरही येत असेल, तर तो पिपचा दोष नसून तुम्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही याचा पक्का पुरावा आहे. वर सांगितलेला एलियस किंवा हलवलेला फोल्डर शोधावा.

उबुंटूवर एक वेगळी अडचण अगदी आरंभीच येते. तेथे वेनव्हचा काही भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेला आहे, आणि ते नसेल तर एन्व्हायर्नमेंट तयार करताना ‘एन्शुअरपिप इज नॉट अवेलेबल’ असे सांगून काम अर्धवट थांबते. तोवर ‘.वेनव्ह’ फोल्डर तयार झालेला असतो, त्यात पायथनही असते, पण पिप आणि ॲक्टिव्हेट दोन्ही नसतात. मुले तो फोल्डर पाहतात आणि काम झाले असे समजून ॲक्टिव्हेट शोधत बसतात. अशा वेळी अर्धवट फोल्डर पुसावा, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-वेनव्ह’ द्यावी आणि एन्व्हायर्नमेंट पुन्हा तयार करावी. सुडोची योग्य जागा ही आहे.

विंडोजवर

विंडोजमध्ये ‘बिन’च्या जागी ‘स्क्रिप्ट्स’ हा फोल्डर असतो, एवढा फरक लक्षात ठेवला की बाकीचे बहुतेक तसेच आहे. पॉवरशेलमध्ये ‘.वेनव्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’ दिल्यावर लाल अक्षरांत ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ असे येते, ती लाल ओळ दुर्लक्षित करून मुले पुढे पॅकेज इन्स्टॉल करतात आणि ते बाहेरच्या पायथनमध्ये जाते. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुझर रिमोटसाइन्ड’ ही कमांड एकदा दिल्यावर ॲक्टिव्हेट चालू लागते. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर हे धोरण बदलण्याची मुभा नसेल, तर ॲक्टिव्हेटचा नाद सोडून ‘.वेनव्ह\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’ असे पूर्ण पत्त्याने लिहावे. परिणाम तंतोतंत तोच होतो. ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचे स्टोअर उघडत असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲप एक्झिक्युशन एलियसेसमध्ये जाऊन पायथनची दोन्ही बटणे बंद करावीत.

नोटबुक आणि एडिटर

टर्मिनलवर सर्व ठीक चालते आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे चौकटींत कोड लिहून चालवण्याच्या पानावर, मात्र पांडाज सापडत नाही, ही तक्रार आता सर्वाधिक येते. नोटबुकमधला कोड टर्मिनलमधल्या पायथनने चालत नाही. तो कर्नलने, म्हणजे नोटबुकमागे चालणाऱ्या पायथनच्या प्रोग्रामने, चालतो, आणि प्रत्येक कर्नलच्या नोंदीत आपल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. टर्मिनलमध्ये कोणती एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट आहे याच्याशी त्या पत्त्याचा संबंध असेलच असे नाही. नोटबुकच्या एका चौकटीत ‘सिस.एक्झिक्यूटेबल’ छापून पाहिले की कर्नल कोणाचा आहे हे स्पष्ट होते, आणि हीच तपासणी मी टर्मिनलच्या आधी करायला सांगते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. एन्व्हायर्नमेंटमध्ये असताना ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल आयपीकर्नल’ द्यावी आणि नंतर ‘पायथन -एम आयपीकर्नल इन्स्टॉल --युझर --नेम पाऊस’ देऊन त्या एन्व्हायर्नमेंटचा कर्नल नोंदवावा. नोटबुकमध्ये कर्नल बदलण्याच्या यादीत ते नाव दिसू लागते. नोटबुकच्या आतूनच पॅकेज इन्स्टॉल करायचे असेल, तर उद्गारचिन्ह लावून ‘!पिप’ लिहू नये, टक्केचिन्ह लावून ‘%पिप’ लिहावे. उद्गारचिन्ह कमांड शेलकडे सोपवते, आणि तेथे ‘पाथ’मध्ये जे पिप आधी सापडेल ते चालते, टक्केचिन्हाचे पिप कर्नलच्याच पायथनने चालते. एकाच चिन्हाचा हा फरक आहे, पण एका मुलाने त्यापायी चार वेळा तेच पॅकेज चार ठिकाणी बसवल्याचे मी पाहिले आहे. आणि एन्व्हायर्नमेंट पुसल्यावर तिचा कर्नल यादीत तसाच राहतो, म्हणून ‘ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट’ देऊन मेलेल्या नोंदी अधूनमधून काढाव्यात.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये खालच्या पट्टीवर पायथनची जी आवृत्ती दिसते, तिच्यावर क्लिक करून प्रकल्पातल्या ‘.वेनव्ह’चे पायथन निवडावे. आधीपासून उघडे असलेले टर्मिनल बंद करून नवे उघडावे लागते.

पत्ता बरोबर असूनही मॉड्यूल नाही

दोन्ही पत्ते जुळले आणि तरीही मॉड्यूल सापडत नसेल, तर आधी नावाकडे पाहावे. पिप जेथून पॅकेजे उतरवतो त्या पायपीआय या सार्वजनिक भांडारातले पॅकेजचे नाव आणि कोडमध्ये इम्पोर्ट करायचे नाव एकच असते असा नियम नाही. ‘पिलो’ इन्स्टॉल करून ‘पीआयएल’ इम्पोर्ट करायचे असते, ‘ओपनसीव्ही-पायथन’ इन्स्टॉल करून ‘सीव्ही२’, ‘सायकिट-लर्न’ इन्स्टॉल करून ‘एसकेलर्न’, ‘पायवायएएमएल’ इन्स्टॉल करून ‘यॅमल’. एररमध्ये दिसणारे नाव जसेच्या तसे पिपला देऊ नये. त्या नावाचे भलतेच पॅकेज पायपीआयवर असू शकते, आणि मिळतीजुळती नावे घेऊन घातक कोड पसरवण्याचे प्रकार तेथे झालेले आहेत. अधिकृत दस्तऐवजात नाव पाहून घ्यावे.

दुसरे, तुमच्या स्वतःच्या फाइलचे नाव. पांडाज शिकताना मुले सरावाच्या फाइलला हौसेने ‘पांडाज.पीवाय’ हेच नाव देतात. पायथन मॉड्यूल शोधताना चालवलेल्या फाइलचा फोल्डर सर्वांत आधी पाहतो, त्यामुळे त्याला खरे पांडाज सापडण्याआधी ही फाइल सापडते आणि ‘डेटाफ्रेम’ नावाचे काही नाही अशी चमत्कारिक एरर येते. फाइलचे नाव बदलावे.

तिसरे कारण आवृत्तीचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ हे मॉड्यूल काढून टाकले गेले, आणि त्याच आवृत्तीपासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘सेटअपटूल्स’ आपोआप येत नाही. जुन्या पुस्तकातला किंवा जुन्या प्रकल्पातला कोड यांच्यावर अवलंबून असेल, तर तो ३.११ वर चालतो आणि ३.१२ वर मॉड्यूल नसल्याचे सांगतो. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स’ दिल्यावर बहुतेक वेळा काम होते. याउलट ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ असे आले, तर नावातली चूक तपासून झाल्यावर ते पॅकेज तुमच्या पायथनच्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहे का हे त्याच्या पायपीआयवरील पानावर पाहावे. अगदी नवे पायथन आल्याआल्या उतरवणाऱ्यांना हा त्रास होतो; अशांनी एक आवृत्ती मागे राहून, उदाहरणार्थ ‘पायथन३.१२ -एम वेनव्ह .वेनव्ह’ असे स्पष्ट लिहून, एन्व्हायर्नमेंट बनवावी.

क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या साधनावर, रात्री चालणाऱ्या कामांना ॲक्टिव्हेटचा उपयोग नसतो, कारण क्रॉन तुमची ‘.बॅशआरसी’ वाचत नाही आणि त्याचा ‘पाथ’ अगदी त्रोटक असतो. तेथे एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा. पावसाचे आकडे रोज पहाटे गोळा करणारा माझा प्रोग्राम एका पावसाळ्यात अकरा दिवस बंद होता, तो एवढ्याच कारणाने. त्या अकरा दिवसांच्या नोंदी मला नंतर हाताने भराव्या लागल्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

वाचनालयाच्या सर्व डेस्कटॉपवर आणि मुलांच्या लॅपटॉपवर आम्ही एक सेटिंग करून ठेवले आहे : ‘पायथन३ -एम पिप कॉन्फिग सेट ग्लोबल.रिक्वायर-व्हर्च्युअलएन्व्ह ट्रू’. त्यानंतर पिप एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर काहीही इन्स्टॉल करायला नकार देतो आणि ‘कुड नॉट फाइंड ॲन ॲक्टिव्हेटेड व्हर्च्युअलएन्व्ह’ असे सांगतो. या संदेशात ॲक्टिव्हेटेड असा शब्द असला तरी पिप प्रत्यक्षात ‘प्रीफिक्स’ आणि ‘बेस_प्रीफिक्स’ वेगळे आहेत का हेच पाहतो, त्यामुळे पूर्ण पत्त्याने चालवलेल्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनला तो अडवत नाही, आणि प्रॉम्प्टवर नाव असूनही बाहेर असलेल्याला मात्र अडवतो. पॅकेज चुकीच्या फोल्डरमध्ये जाऊन नंतर शोधाशोध करण्यापेक्षा ते जाण्याआधीच थांबते. आता शनिवारी एखादे मूल हात वर करते तेव्हा पडद्यावर बहुधा हाच संदेश असतो, आणि मी त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत शेजारच्या मुलीने त्याला ‘सिस.प्रीफिक्स’ छापायला सांगितलेले असते.